गादीतला वायू, भिंतीतला वायू

फोमच्या गादीचे आकारमान आणि वजन यांचा हिशेब मांडला, तर तिचा सुमारे ९७ टक्के भाग हवेने व्यापलेला आढळतो आणि पॉलियुरेथेन नावाच्या ज्या पॉलिमरसाठी पैसे मोजले जातात त्याच्या वाट्याला उरलेले दोन-तीन टक्केच येतात. नेहमीच्या वापरातील मऊ फोमचा एक घनमीटर २० ते ३० किलो भरतो. तेच पॉलिमर भरीव ओतले, तर घनमीटरला हजार किलोंहून अधिक भरेल. फ्रिजच्या भिंतीत, नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातील शीतगृहांच्या पॅनेलमध्ये आणि गच्चीवरील सौर बंबाच्या टाकीभोवती असतो तो याच कुळातला कडक फोम. बाजारात त्याला सगळे ‘पफ’ म्हणतात. मऊ फोममधील कोष, म्हणजे बुडबुडे गोठून उरलेली सूक्ष्म दालने, एकमेकांत उघडलेले असतात, त्यामुळे दाबल्यावर हवा बाहेर पडते आणि सोडल्यावर परत येते; कडक फोममधील कोष बंद असतात आणि त्यांत कोंडलेला वायू उष्णतेची वाट अडवून धरतो.

या उद्योगातील संशोधनाचा इतिहास सहसा पॉलिमरच्या अंगाने सांगितला जातो. तो वायूच्या अंगाने पाहिला, तर अधिक नीट उलगडतो, कारण फोमची प्रत, त्याची किंमत, तो बनवणाऱ्या माणसाचे आरोग्य आणि वातावरणावरचा त्याचा भार या सगळ्यांची गाठ अखेर बुडबुड्यात काय भरले आहे आणि ते कसे भरले, याच प्रश्नाशी पडते. शिवाय या इतिहासातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते: नवे रसायन मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत यशस्वी झाले एवढ्याने काम संपत नाही, थोडक्या भांडवलावर चालणाऱ्या छोट्या शेडमधल्या कारागिराला ते परवडले आणि हाताळता आले, तरच ते संशोधन यशस्वी म्हणता येते.

दोष म्हणून आलेले बुडबुडे

आयसोसायनेट आणि अल्कोहोल यांची अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल वुर्ट्झ यांनी १८४९ मध्येच नोंदवली होती, परंतु तिच्यातून पॉलिमर घडवण्याची कल्पना यायला जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केले आणि त्याच्या पेटंटांनी कृत्रिम धाग्यांचे बरेच क्षेत्र व्यापून टाकले, तेव्हा जर्मनीत लेव्हरकुसेन येथील आय. जी. फार्बेनच्या प्रयोगशाळेत ऑटो बायर आणि त्यांचे सहकारी त्या पेटंटांना वळसा घालणारा मार्ग शोधत होते. (बायर कंपनीच्या संस्थापक कुटुंबाशी त्यांचे नाते नव्हते, आडनाव तेवढे सारखे.) १९३७ मध्ये त्यांना तो मार्ग सापडला. आयसोसायनेट गटात नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन हे तीन अणू एका ओळीत असतात आणि तो गट ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनशी चटकन संयोग पावतो. असे दोन गट असलेला रेणू आणि दोन किंवा अधिक हायड्रॉक्सिल गट असलेला रेणू, ज्याला पॉलिऑल म्हणतात, एकत्र आले की साखळी वाढत जाते, आणि या वाढीत पाण्यासारखा एखादा लहान रेणू बाहेर टाकावा लागत नाही. पॉलियुरेथेन अवघ्या काही सेकंदांत घट्ट होऊ शकते ते या गुणामुळेच.

उद्देश होता धागा आणि भरीव प्लास्टिक बनवण्याचा. ओतकामात मात्र वारंवार बुडबुडे येत, आणि बुडबुडे आलेला नमुना सदोष ठरे. कारणाचा शोध घेतला तेव्हा कच्च्या मालातील ओलाव्याचा आणि आम्लगटांचा अंश आयसोसायनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे ध्यानी आले. ज्या ओलाव्याला कटाक्षाने दूर ठेवायचे तोच मोजून घातला तर हलका, टिकाऊ फोम तयार होतो, हा विचार त्यातून पुढे आला, आणि दोष हाच उत्पादनाचा पाया बनला. महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात टोल्युइन डायआयसोसायनेट, म्हणजे टीडीआय, वापरून मऊ फोमचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पॉलिईथर जातीचे स्वस्त पॉलिऑल, सिलिकॉनयुक्त पृष्ठसक्रियक आणि नवे उत्प्रेरक हाती आले आणि सगळे घटक एकाच वेळी मिसळून एका दमात फोम बनवणे शक्य झाले. आजची गादी मुळात त्याच पद्धतीने बनते.

दोन मिनिटांचे रसायन

मोठ्या कारखान्यात फोम सलग ओतला जातो. पॉलिऑल, टीडीआय, पाणी, सिलिकॉन, अमाइन जातीचा एक आणि कथिलयुक्त दुसरा असे दोन उत्प्रेरक स्वतंत्र पंपांनी मिक्सिंग हेडकडे येतात, तेथे वेगाने घुसळले जातात आणि कागद पसरलेल्या सरकत्या पट्ट्यावर पातळ थराने पडतात. काही सेकंदांत पारदर्शक द्रव दुधाळ होतो. या क्षणाला कारखान्यात ‘क्रीम टाइम’ म्हणतात. पुढच्या दीड-दोन मिनिटांत तो थर चढत चढत मीटरभर उंचीला पोहोचतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला करवतीने कापता येईल इतका घट्ट होतो.

या दोन मिनिटांत दोन अभिक्रिया शेजारी शेजारी चालतात. पाणी आणि आयसोसायनेट यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड सुटतो व युरिया जातीचे कठीण खंड तयार होतात. पॉलिऑल आणि आयसोसायनेट यांच्या संयोगातून साखळ्यांचे जाळे विणले जाते. अमाइन उत्प्रेरक मुख्यतः पहिलीला वेग देतो, कथिलाचा उत्प्रेरक दुसरीला. वायू लवकर सुटला आणि जाळे मागे राहिले, तर ब्लॉक चढून कोसळतो. जाळे आधी आवळले गेले आणि कोष बंदच राहिले, तर ब्लॉक थंड होताना आतला वायू निघून जातो, त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा तितक्या वेगाने आत येत नाही आणि सारा ब्लॉक आकसतो. शंभर भाग पॉलिऑलमागे कथिलाचा उत्प्रेरक जेमतेम पाव भागाच्या आसपास असतो आणि त्यातला किंचित फरकही या दोन अपयशांपैकी एकाकडे नेतो.

बुडबुडे आपोआप निर्माण होतात, हा समज संशोधनात टिकला नाही. मिक्सिंग हेडमध्ये घुसळताना द्रवात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे शिरतात, आणि नंतर सुटणारा कार्बन डायऑक्साइड नवे बुडबुडे न करता त्यांतच जाऊन भरतो. म्हणून कोषांची संख्या बऱ्याच अंशी रसायनाने ठरण्याआधीच घुसळणीने ठरलेली असते. फुगलेल्या बुडबुड्यांची रचना भूमितीचे नियम पाळते. बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी दृष्टी गेल्यानंतरही साबणाच्या पापुद्र्यांचा अभ्यास सुरू ठेवला आणि १८७३ मध्ये असे मांडले, की तीन पापुद्रे एकत्र येतात ते १२० अंशांच्या कोनात, आणि चार कडा एका बिंदूत मिळतात त्या सुमारे १०९.५ अंशांच्या कोनात. फोमचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हेच कोन गोठलेल्या स्वरूपात दिसतात. चढण संपण्याच्या सुमारास युरियाचे खंड वेगळे होऊ लागतात, पापुद्रे फाटतात, पृष्ठभागावर बारीक बारीक फुटी उठतात आणि वायू सुटतो; कडांच्या दांड्या मात्र तोवर पुरेशा घट्ट झालेल्या असल्याने सांगाडा उभा राहतो. पापुद्रे फाटावेत पण दांड्या तुटू नयेत, हा क्षण साधणे हेच मऊ फोमच्या संशोधनाचे मर्म आहे, आणि सिलिकॉनच्या रेणूची रचना बदलत बदलत रसायनज्ञांनी तो क्षण हवा तसा पुढे-मागे सरकवण्याची जी हातोटी मिळवली ती या उद्योगातील सर्वांत सुंदर कामगिरी मानायला हवी.

हवामानही यात हस्तक्षेप करते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. त्यामुळे तेच मिश्रण तेथे थोडे अधिक फुगते आणि फोम हलका निघतो. दमट, उष्ण हवेत पिकलेला फोम मऊ पडतो. म्हणून पाककृती ऋतूनुसार आणि गावानुसार थोडीथोडी बदलावी लागते, आणि ती बदलण्याचे ज्ञान पुस्तकापेक्षा यंत्रावरच्या अनुभवी माणसाकडे अधिक असते.

पाणी जितके अधिक तितका वायू अधिक आणि फोम हलका. पण पाण्याच्या अभिक्रियेत उष्णताही बरीच सुटते. फोम उष्णतेचा दुर्वाहक असल्यामुळे ब्लॉकचा गाभा तासन्‌तास तापलेला राहतो, त्याचे तापमान १५० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते, मधला भाग पिवळा-तपकिरी पडतो, आणि मात्रा चुकली तर ब्लॉक आतून पेट घेतो. ताजे ब्लॉक म्हणूनच एकमेकांवर न रचता अंतर ठेवून, पहारा ठेवून पिकवले जातात.

ग्राहकाच्या कामाची एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. लोर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी कोषमय पदार्थांच्या अभ्यासात दाखवून दिले, की उघड्या कोषांच्या फोमचा ताठपणा त्याच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. घनता निम्मी केली, तर ताठपणा चौथ्या हिश्शावर येतो. दुकानात ‘डेन्सिटी’चा आकडा सांगितला जातो तो यामुळेच महत्त्वाचा. परंतु कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळून वजन वाढवता येते आणि त्या वजनाने दांड्यांना बळ मिळत नाही, तेव्हा नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवणे योग्य नव्हे.

कागदी पेल्यातील चाचणी

लाखो रुपयांच्या यंत्रांपुढेही फोमच्या प्रयोगशाळेत रोजचे मुख्य साधन कागदी पेला हेच असते. त्यात घटक तोलून घ्यायचे, फिरत्या पात्याने काही सेकंद घुसळायचे आणि घड्याळ लावून पाहत राहायचे: दुधाळपणा कधी आला, काडी लावल्यावर तार कधी सुटू लागली, चढण कधी थांबली, बोटाला चिकटणे कधी बंद झाले. क्रीम, जेल, राइज आणि टॅक-फ्री या चार वेळा नोंदल्या की अनुभवी माणसाला बिघाड कुठे आहे याचा अंदाज येतो. त्यानंतर दाबून ठेवल्यावर किती बसतो, ओढल्यावर किती ताणतो, हवा किती आरपार जाऊ देतो, या चाचण्या येतात; त्यांना वेळ लागतो, पण दिशा पेल्यातच ठरते.

फ्रिजच्या भिंतीत

कडक फोमचे गणित निराळे आहे. फ्रिजचा बाहेरचा पत्रा आणि आतले प्लास्टिकचे अस्तर यांच्यामधल्या पोकळीत द्रव मिश्रण सोडले जाते, आणि घट्ट होण्याआधी ते प्रत्येक कोपऱ्यात पोहोचावे लागते. येथे एमडीआय नावाचे आयसोसायनेट वापरतात, पॉलिऑलच्या साखळ्या आखूड असतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक कोष बंद राहतात. अशा फोममधून जाणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा कोंडलेल्या वायूतून वाहतो. म्हणून पदार्थाची गुणवत्ता वायूच्या गुणवत्तेवर उभी असते.

फोम फुगवणाऱ्या द्रव्याला ब्लोइंग एजंट म्हणतात. क्लोरोफ्लुओरोकार्बन कुळातील सीएफसी-११ हे या कामासाठी जणू मुद्दाम घडवलेले द्रव्य वाटावे असे होते: सुमारे २४ अंश सेल्सियसला उकळते, म्हणजे मिश्रण तापू लागले की लगेच वायुरूप होते, जळत नाही, उष्णता हवेपेक्षा बरीच कमी वाहते, कोषाबाहेर अत्यंत सावकाश झिरपते. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी या कुळातील संयुगे वरच्या वातावरणात क्लोरिन सोडून ओझोनचा नाश करतात असे मांडले, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे विरळ छिद्र जाहीर झाले, आणि १९८७ मध्ये ओझोननाशक द्रव्ये बंद करण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला. फोमच्या संशोधकांना आपले सर्वोत्तम द्रव्य सोडून द्यावे लागले.

पर्यायांपैकी एकही सर्वगुणसंपन्न नव्हता. एचसीएफसी-१४१बी वापरायला सोपे, पण ओझोनला थोडी का होईना इजा करणारे. एचएफसी ओझोनला निर्धोक, पण तापमानवाढीला मोठा हातभार लावणारे. नुसत्या पाण्यावर फुगवलेल्या कडक फोममधला कार्बन डायऑक्साइड लवकर निसटतो आणि रोधकता घटते. सायक्लोपेंटेन स्वस्त आणि वातावरणाला बव्हंशी निरुपद्रवी आहे, मात्र ते ज्वालाग्राही असून हवेत त्याचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी पेटू शकते; म्हणून वायुशोधक, स्फोटरोधक विद्युतजोडणी आणि सतत चालणारे वायुवीजन यांसाठी कारखान्याची पुनर्बांधणीच करावी लागते. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजसारख्या मोठ्या उत्पादकांनी हा खर्च पेलला आणि भारतीय फ्रिजची भिंत सायक्लोपेंटेनवर गेली. हायड्रोफ्लुओरोओलेफिन या नव्या कुळाचे द्रव्य जळतही नाही आणि तापमानही फारसे वाढवत नाही, पण महाग आहे.

थर्मास, शीतपेटी, पाइपचे आवरण किंवा पॅनेल बनवणाऱ्या छोट्या शेडला सायक्लोपेंटेनची यंत्रणा बसवणे आवाक्याबाहेरचे. असे उद्योग ‘सिस्टम हाउस’कडून आधीच ब्लोइंग एजंट मिसळलेले पॉलिऑल पिंपाने विकत घेतात आणि त्यात आयसोसायनेट मिसळून ओततात. भारताने १ जानेवारी २०२० पासून एचसीएफसी-१४१बीची आयात बंद केली, तेव्हा खरी परीक्षा या सिस्टम हाउसची झाली. पिंपातले मिश्रण बदलूनही शेडमधले यंत्र आणि कारागिराचा हात तोच राहील, अशी पाककृती त्यांना द्यायची होती. या कामाला शोधनिबंधांत फारशी जागा मिळत नाही. कराराचे यश मात्र त्याच्यावरच अवलंबून होते.

हवेने दिलेली साक्ष

हे काम नीट झाले नाही तर काय घडते, ते चीनमध्ये दिसले. जगात सीएफसी-११ चे उत्पादन २०१० पासून पूर्ण बंद असायला हवे होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेतील स्टीफन मॉन्ट्झका आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की हवेतील या वायूची घट २०१२ नंतर मंदावली असून वर्षाला सुमारे १३ हजार टन नवे उत्सर्जन कोठून तरी होत असले पाहिजे. त्याच वर्षी एका पर्यावरण संस्थेच्या तपासात चीनच्या १० प्रांतांतील १८ फोम उद्योगांनी हे द्रव्य वापरत असल्याचे मान्य केले. ते स्वस्त पडते आणि फोमही चांगला होतो, हे त्यामागचे कारण होते. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा या केंद्रांवरील मोजमापांतून वाढीचा मोठा हिस्सा पूर्व चीनमधील शानडोंग आणि हेबेई या प्रांतांच्या परिसरातून येत असल्याचे निश्चित झाले. चीन सरकारने कारवाई केली आणि २०१९ पर्यंत उत्सर्जन पुन्हा खाली आल्याचे २०२१ मधील निबंधांतून दिसून आले. कायदा आणि शास्त्र दोन्ही तयार होते. त्या छोट्या कारखान्यांच्या पदरी परवडणारा पर्याय नव्हता. दंड आणि धाडी जितक्या आवश्यक तितकेच हे कारण दूर करणेही आवश्यक आहे, आणि ते संशोधनाचे काम आहे.

श्वासाचा प्रश्न

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेल्या टाकीत पाणी शिरले. आयसोसायनेट आणि पाणी यांच्या संयोगातून उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, म्हणजे जी अभिक्रिया फोमला फुगवते तीच तेथे एका बंद टाकीत अनावर झाली. मिथाइल आयसोसायनेट कीटकनाशकासाठी लागे, फोमसाठी नव्हे. ते ३९ अंशांना उकळते, तर टीडीआय सुमारे २५० अंशांना, त्यामुळे दोहोंचा धोका एका मापाने मोजता येत नाही. तरीही कूळ एक आहे, आणि ही द्रव्ये हाताळणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असले पाहिजे.

टीडीआयची वाफ श्वसनमार्गाला संवेदनशील बनवते. एकदा दमा जडला की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणू शकते. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी शिफारस केलेली सरासरी मर्यादा हवेच्या एक अब्ज भागांत एक भाग इतकी खाली आहे, आणि वास जाणवू लागतो तो त्या मर्यादेच्या कितीतरी पट वर. म्हणजे वास येत नाही तोवर भय नाही, ही समजूत जिवावर बेतणारी आहे. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी ठरतो. युरोपीय संघाने २४ ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेट वापरणाऱ्या कामगारांना प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. छतावर पफची फवारणी करणाऱ्या किंवा साच्यात फोम ओतणाऱ्या आपल्याकडील प्रत्येक कामगारालाही असे प्रशिक्षण आणि योग्य मुखवटा मिळायला हवा. त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही.

फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. १९७९ मध्ये मँचेस्टर येथील वूलवर्थ्स दुकानातील फर्निचरला लागलेल्या आगीत १० माणसे गेली आणि ब्रिटनमध्ये १९८८ चे कडक नियम आले. पुढे ज्योतरोधक म्हणून मिसळलेली काही ब्रोमीनयुक्त द्रव्येच घातक ठरून २००९ मध्ये घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेली.

एरंड, काजू आणि जुने फ्रिज

पॉलिऑल खनिज तेलापासून बनते, पण एरंडेल हे निसर्गतःच पॉलिऑल आहे, कारण त्यातील सुमारे ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलेइक असते आणि त्याच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट तयार असतो. जगाला लागणारे बहुतांश एरंडेल भारतातून, मुख्यतः गुजरातमधून जाते. कोकणातील काजू कारखान्यांत टरफलातून निघणाऱ्या, हात भाजणाऱ्या तेलापासून कार्डानॉल हे फिनॉल मिळते आणि त्यावर प्रक्रिया करून कडक फोमला योग्य असे पॉलिऑल बनवता येते. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत वनस्पतिज तेलांपासून पॉलिऑल आणि पॉलियुरेथेन बनवण्यावर संशोधन झाले आहे. एरंडेलाचा हायड्रॉक्सिल गट मंद गतीने अभिक्रिया करतो आणि तेलाची प्रत हंगामागणिक बदलते, त्यामुळे पेट्रोलियमजन्य पॉलिऑल पूर्णपणे हटवणे आज शक्य दिसत नाही. काही हिस्सा बदलणे मात्र शक्य आहे. जर्मनीत डॉर्मागेन येथे कोव्हेस्ट्रोने २०१६ पासून पॉलिऑलच्या साखळीतच कार्बन डायऑक्साइड गुंफण्याची पद्धत उत्पादनात आणली असून त्यात या वायूचा वाटा २० टक्क्यांपर्यंत असतो.

वापरून टाकलेल्या फोमचे काय करायचे, या प्रश्नाला उत्तरे अर्धवट आहेत. पॉलियुरेथेनचे जाळे वितळत नाही, म्हणून कातरणाचे तुकडे करून ते आयसोसायनेटच्या बंधकाने आणि वाफेने पुन्हा दाबून ‘रिबाँडेड’ फोम करतात; रासायनिक पद्धतीने जाळे तोडून पॉलिऑल परत मिळवण्याचे प्रकल्प युरोपात उभे राहत आहेत. कडक फोमची अडचण अधिक गंभीर आहे. जुन्या फ्रिजच्या भिंतीत साधारण पाव ते अर्धा किलो सीएफसी-११ अजूनही कोंडलेले असू शकते. ते गॅसच्या नळीत असणाऱ्या वायूपेक्षा अधिक भरते, वजनाला वजन लावून पाहता त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या पाच हजार पटींच्या आसपास आहे, आणि बाहेर पडल्यावर ते अर्धशतकभर वातावरणात राहते. भंगारात पत्रा, तांबे आणि कॉम्प्रेसर काढण्यासाठी भिंत फोडली, की हा वायू सुटू लागतो.

ज्यांच्या घरी, दुकानात किंवा गावाकडच्या ओसरीत २००० सालाआधीचा फ्रिज पडून असेल, त्यांनी तो दारावर आलेल्या भंगारवाल्याला न देता विद्युत कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावा, आणि सोपवण्यापूर्वी तेथे भिंतीतल्या फोममधील वायू बंद यंत्रात काढून घेतला जातो की नाही, हे आवर्जून विचारावे.